इंचाला सव्वीस आटे : एका निनावी सांगाड्याची कुळकथा

सायकलीचे कूळ तिच्या कपाळावर लिहिलेले असते असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो बव्हंशी खराही आहे. हँडलखालच्या उभ्या नळीवर कारखान्याने रिव्हेट मारून बसविलेला पत्र्याचा बिल्ला, पायडलच्या दातेरी चाकात कोरून काढलेली आकृती, आणि सीटच्या सांध्यावर किंवा सांगाड्याच्या पोटाला ठोकलेला क्रमांक, एवढे तीन दाखले जागेवर असले म्हणजे सायकलींच्या नादी लागलेला कोणताही पोरगा सांगू शकतो की बगळ्याची तीन मुंडकी असलेले चाक रॅलेचे, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका बीएसएच्या आणि उघडा पंजा रज-व्हिटवर्थचा. परंतु बिल्ला गळून पडला आहे, दातेरी चाक कुणी तरी कधीच दुसऱ्या सायकलीला लावले आहे, आणि क्रमांकाच्या जागी कानशीचे ओरखडे तेवढे शिल्लक आहेत, अशा सांगाड्याची वंशावळ लावायची झाली म्हणजे मात्र कपाळाचा उपयोग संपतो आणि पोटात हात घालावा लागतो. हे पोट म्हणजे सांगाड्याच्या तळचे ते आडवे नळकांडे, ज्यातून पायडलांचा आस आरपार जातो आणि ज्याला आपल्याकडचे सगळे मिस्त्री नुसते ‘बीबी’ म्हणतात. त्या बीबीच्या आतील आटे मोजले असता दर इंचाला चोवीस भरतात की सव्वीस, एवढ्या एका प्रश्नावर पुढील सर्व मजकूर उभा आहे, आणि तो प्रश्न ज्यांना क्षुल्लक वाटेल त्यांनी येथेच थांबलेले बरे.

माझ्यापाशी असलेला सांगाडा उल्हासनगरातील एका भंगाराच्या ढिगातून आला. चोवीस इंची, पुरुषी बांध्याचा, अठ्ठावीस इंची चाकांसाठी घडविलेला, सगळे सांधे लग घालून पितळेने झाळलेले. सर्वांत वर हिरवा रंग, त्याखाली तांबडा, आणि अगदी तळाशी भट्टीत भाजलेला मूळचा काळा. कपाळाच्या नळीवर एकाखाली एक अशी दोन बारीक भोके आहेत, ज्यांवरून एवढे निश्चित होते की येथे केवळ रंगीत छाप नव्हती, धातूचा बिल्ला होता. अशा दोन भोकांमधील अंतर कंपासाने घेऊन ते निरनिराळ्या कारखान्यांच्या बिल्ल्यांशी ताडून पाहणे ही जाणकारांची मान्य पद्धत आहे, आणि माझ्या सांगाड्यातील अंतर एकाहून अधिक कारखान्यांच्या बिल्ल्यांना लागू पडत असल्यामुळे तिचा येथे फारसा लाभ झाला नाही. चाके सोबत आली असती आणि त्यांतील मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असता तर काम सोपे होते, कारण त्या हबच्या कवचावर घडणीचे वर्ष, आणि पुष्कळदा महिनाही, ठोकलेला असतो. पण चाके जशी गेली तसा तो पुरावाही गेला.

असा माल याच परिसरात विपुल का सापडतो, हे सांगायला फार शब्द नकोत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याचा मोठा तळ पडला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच तळाच्या बराकींत आश्रय मिळाला. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पत्ता सांगताना कॅम्प नंबर, बराक नंबर आणि खोली नंबर सांगण्याची वहिवाट तेथे पुढे कित्येक वर्षे टिकली. शेजारी अंबरनाथला स्वीडिश भांडवलाने काढलेला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना त्याआधीच धूर सोडीत होता, स्वातंत्र्यानंतर तेथे सरकारी शस्त्रास्त्रांचे कारखाने आले, आणि पाळीच्या भोंग्याबरोबर फाटकातून सायकलींचे लोंढे आतबाहेर होऊ लागले; बदलापूरच्या आसपासच्या खेड्यांतून दूध, भाजी आणि स्वतःचा देह स्टेशनापर्यंत पोचविण्याचे साधनही हेच. म्हणजे सायकली येथे पुष्कळ खपल्या, पुष्कळ झिजल्या, आणि झिजल्यावर त्यांचे अवयव एकमेकींत पुष्कळ मिसळले. एकीचा चिमटा दुसरीला आणि दुसरीचे हँडल तिसरीला, असा हा संकर इतका झाला आहे की बाहेरून दिसणाऱ्या कोणत्याही भागावरून सांगाड्याचे कूळ ठरविणे म्हणजे अंगरख्यावरून माणसाचे गोत्र सांगणे होय. बीबीतले आटे मात्र सांगाड्याच्याच अंगात कापलेले असतात. ते काढून दुसरीकडे लावता येत नाहीत.

आता या आट्यांची हकीगत. सर जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे मान ठरवून द्यावे अशी सूचना केली आणि इंग्लंडच्या जड यंत्रांची सोय लावली, हे सर्वश्रुत आहे; पण त्याच्या कोष्टकात एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच व्यासाला दर इंचामागे अवघे सहा आटे येतात, आणि सायकलीच्या बीबीची भिंत इतकी पातळ असते की तसले खोल आटे तिच्यात कापू गेल्यास हत्यार थेट पलीकडे निघेल. सायकलीला बारीक, दाट आट्यांची गरज होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक कारखानदार आपापल्या लहरीप्रमाणे ते कापीत होता. या अंदाधुंदीला आळा घालण्याचे काम बर्मिंगहॅमच्या सायकल-अभियंत्यांच्या संस्थेने अंगावर घेतले (हीच संस्था पुढे मोटार-अभियंत्यांची झाली, यावरून काळाचा ओघ कळावा), आणि १९०२ मध्ये तिने एक कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात आट्याचा कोन व्हिटवर्थच्या पंचावन्न अंशांऐवजी साठ अंश धरला, लहान व्यासांना बहुतांशी इंचाला सव्वीस आटे दिले, आणि बीबीसारख्या मोठ्या व्यासांना चोवीस. व्यास १.३७० इंच आणि आटे चोवीस, हे बीबीचे मान त्या दिवसापासून आजतागायत चालू आहे; तैवानात घडलेल्या आणि मुंबईच्या दुकानात लाखाच्या भावाने विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींतही ते आढळते.

हे चोवीसचे मान इतके सर्वत्र का पसरले, याचे उत्तर केवळ संस्थेच्या कोष्टकात नाही. ते बंदुकांच्या धंद्यात आहे, आणि या साऱ्या प्रकरणाने मला जखडून ठेवले ते येथेच. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजेच आपली बीएसए, ही १८६१ मध्ये त्या गावच्या तोडेवाल्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. हाताने घासूनपुसून एकेक बंदूक जुळविण्याऐवजी यंत्रावर एकसारखे भाग काढायचे, म्हणजे कोणत्याही बंदुकीचा घोडा कोणत्याही बंदुकीला बसेल, ही अमेरिकेकडून उचललेली विद्या त्यांनी आत्मसात केली होती. परंतु सरकारी मागणी म्हणजे वळवाचा पाऊस. युद्ध असेल तेव्हा यंत्रे अपुरी आणि तह झाला की यंत्रांवर धूळ. त्या रिकाम्या यंत्रांना पोसण्यासाठी कंपनीने १८८० मध्ये ऑटो नावाचे एक विचित्र दुचाकी वाहन करून पाहिले, ज्याची दोन चाके पुढेमागे नसून शेजारी-शेजारी होती. पुढे नव्या रायफलींची मागणी आली तेव्हा १८८७ मध्ये सायकलींचा नाद सोडला. आणि १८९३ मध्ये तो पुन्हा धरला तो पूर्ण सायकलींसाठी नव्हे, सुट्या भागांसाठी. हब, बीबी, कप, कोन, लग हे सर्व अवयव बंदुकीच्या काटेकोरपणाने घडवून ती ज्याला हवे त्याला विकू लागली. मग इंग्लंडच्या गल्लीबोळांतील शेकडो लहान मिस्त्र्यांनी बीएसएचे सांधे आणून, त्यांत नळ्या झाळून, वर स्वतःच्या नावाचा बिल्ला ठोकून आपापल्या सायकली बाजारात आणल्या, आणि अशा प्रत्येक सांगाड्याबरोबर चोवीस आट्यांची बीबी आपोआप पसरत गेली. बीएसएचे भाग अंगावर असलेली सायकल बीएसएचीच असेल असे नाही, ही सावधगिरीची सूचना संग्राहक एकमेकांना वारंवार देतात ती यामुळेच. बंदुकीच्या कारखान्यातून सायकल जन्माला यावी हा प्रकार केवळ बर्मिंगहॅमचा नव्हे. स्वीडनमधील हुस्कवर्ना, बेल्जियममधील एफएन, ऑस्ट्रियातील स्टायर ही सारी घराणी आधी शस्त्रकारांची आणि मग सायकलकारांची आहेत. चोवीस आटे हा माझ्या मते तोडेवाल्यांचा वारसा आहे. आणि जगातील बहुतेक सायकली, त्यांच्या स्वारांना पत्ता नसताना, तो वारसा पोटात वागवीत आहेत.

एक बलाढ्य इंग्लिश घराणे मात्र या पंक्तीला बसले नाही. नॉटिंगहॅमच्या रॅले रस्त्यावर तिघांनी चालविलेले एक लहानसे दुकान फ्रँक बोडेन या हाँगकाँगला पैसा मिळवून परतलेल्या गृहस्थाने हाती घेतले आणि १८८८ च्या डिसेंबरात त्याची कंपनी केली. बगळ्याचे मुंडके हे या बोडेनच्या कुलचिन्हातले. हा माणूस तोडेवाला नव्हता, आणि त्याच्या कारखान्याने बीएसएच्या सुट्या भागांवर विसंबून न राहता पोलादी पत्रा दाबून स्वतःचे सांधे घडविण्याचा मार्ग धरला. ‘संपूर्ण पोलादी सायकल’ ही रॅलेची जाहिरात त्यातूनच आली. या रॅलेने आपल्या बीबीला व्यास एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे १.३७५, आणि आटे सव्वीस असे मान दिले, आणि सगळे जग चोवीसकडे जात असता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते सोडले नाही. शिवाय तिच्या रोडस्टरची बीबी रूढ ६८ मिलिमीटरपेक्षा रुंदही असे. व्यासातील फरक इंचाचा पाच सहस्रांश, मिलिमीटरात सांगायचे तर ३४.८० आणि ३४.९३, तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही लागत नाही, म्हणून चोवीसचा कप सव्वीसच्या बीबीत पहिला दीड फेरा मोठ्या विश्वासाने आत जातो आणि मग अडकतो, मिस्त्रीने अशा वेळी जोर केला की आटे मारले जातात.

रॅलेने हा हट्ट का धरला यावर दोन मते आहेत. पहिले, व्यापाऱ्यांना सहज पटणारे, असे की ही शुद्ध कावेबाजी होती; एकदा रॅले घेतली की कपापासून कोनापर्यंत सारे रॅलेकडूनच घ्यावे लागावे, यासाठी मुद्दाम वेगळे मान ठेवले. हे मत खोटे नाही, पण अपुरे आहे, असे मला वाटते. त्याच कारखान्याच्या चिमट्याच्या माथ्यावरील आटे पाहा, चाकांच्या आसांवरील आटे पाहा, सर्वत्र सव्वीसच. चाकाच्या आसाला सव्वीस आटे हे तर संस्थेच्या कोष्टकातीलच मान होते. माझा तर्क असा की नॉटिंगहॅमच्या यंत्रशाळेने लहानमोठ्या सर्व व्यासांना एकच अंतर ठेवून आपले हत्यारखाते सोपे केले. कोष्टकातला चोवीसचा अपवाद त्यांना परवडत नव्हता, म्हणून त्यांनी नियमच अपवादापर्यंत ताणला. गिऱ्हाईक बांधले गेले हा पुढे लक्षात आलेला लाभ. आणि लक्षात आल्यावर तो कोण सोडील?

माझ्या सांगाड्यात सव्वीस आटे आहेत. निदान ते सव्वीस असले पाहिजेत, असे म्हणण्यापूर्वी एका फ्रेंच आक्षेपाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. फ्रान्समधील बीबीचा व्यास ३५ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधील अंतर एक मिलिमीटर, म्हणजे इंचाला २५.४ आटे. बीबीच्या एका अंगाला आटे असतात जेमतेम अर्धा इंच. तेवढ्यात रॅलेचे तेरा भरतात आणि फ्रेंचांचे पावणेतेराहून किंचित कमी. गंजलेल्या, पितळ आणि ग्रीस यांनी माखलेल्या नळकांड्यात पिच-गेजची पाती घालून पाव आट्याचा निवाडा करणे हे काम किती बेभरवशाचे आहे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखाचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला आणि मग ९८२ ठरला, म्हणजे एका आकड्याच्या झिजेने देवळाचे वय दोनशे वर्षांनी हलले. तेथे पाषाण होता, येथे तर लोखंडाचा गंज. सुदैवाने आट्यांना संख्येप्रमाणे दिशाही असते. पायडल मारताना बीबीतल्या छऱ्यांच्या फिरण्याने उजवीकडचा कप हळूहळू सैल होऊ पाहतो, म्हणून इंग्लिश कारखाने उजव्या अंगाला उलटे आटे कापतात. फ्रेंच पद्धतीत दोन्ही अंगांना सुलटेच. माझ्या सांगाड्याच्या उजव्या अंगाला आटे उलटे आहेत, म्हणजे फ्रेंच पक्ष निकालात निघाला. स्विस पद्धत फ्रेंच मापाची असूनही उजवीकडे उलटी असते, हे मला ठाऊक आहे, आणि कोणी तो मुद्दा काढलाच तर त्याने आधी कल्याण ते कर्जत या पट्ट्यात एक स्विस सायकल दाखवावी.

स्विस नाही, पण स्वीडिश माणसे येथे खरोखरच होती, आणि विमकोच्या कुणा साहेबाने आपल्या देशाहून आणलेली सायकल जाताना येथेच टाकली असेल, अशी एक कल्पना मला सुचविण्यात आली. कल्पना मोहक आहे. हुस्कवर्नाचे नाव त्यात गोवता आले तर बंदुकीचा धागाही सुरेख जुळतो. तिच्याविरुद्ध पुरावा मात्र सांगाड्याच्याच अंगावर आहे. स्वीडिश रोडस्टरला बहुधा पायडल उलटे मारून लागणारा ब्रेक असे, त्याला सांगाड्यावर दांडे लागत नाहीत. माझ्या सांगाड्याच्या मागील आडव्या नळ्यांवर लोखंडी दांड्यांच्या ब्रेकचे पट्टे वर्षानुवर्षे आवळलेले असल्याच्या दोन चकचकीत खाचा आहेत, आणि त्या तळच्या काळ्या रंगाच्याही खाली पोचल्या आहेत. ही इंग्लिश घाटाचीच सायकल होय.

आता राहिले तीन दावेदार, आणि त्यांतला सर्वांत लोकप्रिय दावा लष्कराचा. उल्हासनगरात जी जुनी वस्तू सापडेल ती कॅम्पातली, असे म्हणण्याची इतकी सवय होऊन गेली आहे की पितळी नळ, लोखंडी खाट आणि सायकल या तिघांचाही इतिहास एकाच वाक्यात आटोपतो. युद्ध संपल्यावर डिस्पोजलचा माल लिलावात गेला आणि त्यात सायकलीही असणार, हे मी नाकारीत नाही. पण ब्रिटिश सैन्याच्या सायकलींत बीएसएचा भरणा मोठा होता, आणि बीएसएचे आटे चोवीस. छत्रीधारी सैनिकांसाठी त्या कंपनीने केलेली दुमडणारी सायकल, जिची संख्या युद्धकाळात सत्तर हजारांच्या आसपास गेली आणि जिचा एक नमुना पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात पाहावयास मिळतो, तिचा सांगाडा तर मधोमध बिजागरीचा. त्याच्याशी माझ्या सांगाड्याचा काडीचा संबंध नाही. शिवाय सरकारी मालावर बाणाचा शिक्का असावयाचा, आणि हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाखाली एक उभी रेघ. माल खात्यातून विकून टाकताना शस्त्रांवर दुसरा बाण पहिल्याच्या टोकाला टोक लावून ठोकीत, म्हणजे विक्री तसदीक होई. कानशीने सीटच्या सांध्यावरचा आकडा गेला, पण कानस फिरविणाऱ्याने सगळा सांगाडा काही घासला नाही, आणि उरलेल्या अंगावर बाणाची खूण कोठेच नाही. ज्या मुलखात लष्करी तळाचे शहर झाले आणि शेजारी शस्त्रांचे कारखाने उभे राहिले, त्याच मुलखातील हा सांगाडा तोडेवाल्यांच्या वंशाबाहेरचा निघावा, ही गंमत मला या साऱ्या तपासाचे वेतन वाटते.

दुसरा दावा वरळीच्या हिंद सायकल्सचा, आणि तो करणाऱ्यांच्या स्वरात देशाभिमान असतो, तो असावाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या या कारखान्याची सायकल लोकलच्या मार्गावरच्या गावांत येणे अगदी स्वाभाविक होते. माझा आक्षेप आर्थिक आहे. नव्याने धंद्यात उतरलेला देशी कारखाना कप, कोन आणि आस यांच्यासाठी खुल्या बाजाराकडे पाहणार, आणि खुल्या बाजारात चालणारे मान चोवीसचे. त्याने हट्टाने सव्वीस धरून आपल्या गिऱ्हाइकाला रॅलेच्या दुकानात पाठविण्याचे काहीच कारण नव्हते. हा तर्क आहे, दस्तऐवज नव्हे, पण कारखानदार स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत नसतो, एवढा माझा मनुष्यस्वभावावर विश्वास आहे.

तिसरा दावा खुद्द उल्हासनगरचा. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मध्य रेल्वेच्या डब्यांत इतका जुना झाला आहे की आता त्यावर कुणी हसत नाही. पण त्यामागची वस्तुस्थिती आदराची आहे. घरदार, जमीनजुमला सोडून आलेल्या माणसांनी बराकीतल्या खोलीत यंत्र मांडून, बाजारात जे खपते ते पाहून, तसेच करून दाखविले. अशा कुणीतरी लुधियानाहून सुट्या नळ्या आणि लग आणून येथे सांगाडे झाळले असतील, हे मला पूर्ण संभाव्य वाटते. (लुधियानाच्या धंद्यातही फाळणीचा हात आहे, हीरो सायकलचे मुंजाल बंधू मूळचे आज पाकिस्तानात असलेल्या कमालियाचे.) पण नक्कल करणारा कशाची नक्कल करतो? जे दिसते आणि ज्यामुळे भाव येतो त्याची. तो बिल्ल्याची नक्कल करील, दातेरी चाकातल्या बगळ्याची करील, मडगार्डावरच्या सोनेरी रेघेचीही करील. परंतु कुणालाही न दिसणाऱ्या, भाव एका पैशाने न वाढविणाऱ्या, उलट दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाच्या शिव्या खायला लावणाऱ्या सव्वीस आट्यांचा टॅप तो विकत घेईल काय? खरा माल आणि नकली माल यांचा भेद बिल्ल्यावरून करावा असे आपण धरून चालतो. माझ्या मते बिल्ला हाच सर्वांत लाचार साक्षीदार आहे, कारण तो विकत मिळतो.

तेव्हा सांगाडा रॅलेच्या घराण्यातला, हे मी ठरवून टाकले आहे. राहता राहिला पोटभेद, आणि तो क्षुल्लक नाही, कारण हे घराणे मोठे पसरले होते. रॅलेने १९३२ मध्ये हंबर घेतली, १९४३ मध्ये रज-व्हिटवर्थ घेतली, आणि १९५७ मध्ये खुद्द बीएसएचा सायकलींचा धंदाच गिळला, म्हणजे तोडेवाल्यांचे नाव त्यानंतर नॉटिंगहॅमच्या मालावर लागू लागले. आट्यांचे युद्ध अशा रीतीने कागदावर रॅलेने जिंकले आणि जगाच्या बाजारात हरले. हंबरच्या उंची सायकलींचा चिमटा दुहेरी नळ्यांचा असे, पण माझ्या सांगाड्याचा चिमटाच परका असल्याने तो मुद्दा येथे निरुपयोगी आहे. खरा वाद नॉटिंगहॅम आणि आसनसोल यांच्यातला. कलकत्त्याच्या सुधीरकुमार सेन यांनी रॅलेच्या भागीदारीत आसनसोलजवळ कन्यापूर येथे सेन-रॅले कारखाना काढला आणि पन्नासच्या दशकात देशी रॅले बाजारात आल्या; तो आणि वरळीचा हिंद, हे दोघे प्रतिस्पर्धी पुढे आजारी पडून १९८० च्या एकाच कायद्याने सरकारजमा झाले, इतके की त्या कायद्याच्या नावातही ते शेजारी-शेजारी बसले आहेत.

नॉटिंगहॅमच्या पक्षाचे म्हणणे असे की क्रमांक खरवडला आणि बिल्ला काढला, यावरूनच माल विलायती होता हे सिद्ध होते. देशी सायकलीचा बिल्ला कोण चोरील? यात तथ्य आहे. जुना विलायती बिल्ला आज संग्राहकांत स्वतंत्रपणे विकला जातो, आणि सांगाडा भंगारात टाकण्यापूर्वी तेवढा काढून ठेवण्याचे शहाणपण कुणालाही सुचेल. पण सेन-रॅलेच्या बिल्ल्यावरही बगळा होताच, आणि काढणाऱ्याला नॉटिंगहॅम व कन्यापूर यांतला भेद करण्याइतकी सवड असते असे मला वाटत नाही. काही जण झाळकामाकडे बोट दाखवितात: लगांच्या कडांना पितळेचे ओघळ राहिले आहेत, म्हणून हे देशी काम. हा कन्यापूरच्या कामगारांवर अन्याय आहे. घाईच्या वर्षांत नॉटिंगहॅमनेही असले ओघळ काळ्या रंगाखाली झाकून पाठविले आहेत.

माझा कौल आसनसोलकडे आहे, आणि त्याचे कारण सांगाड्यापेक्षा गिऱ्हाइकात शोधावे लागते. पूर्ण बनावटीच्या विलायती सायकली येथे सढळ हाताने येत होत्या त्या काळात उल्हासनगर जन्मालाच आले नव्हते. आणि वसाहत स्थिरावून तिथल्या माणसाच्या हाती सायकल घेण्याइतका पैसा खुळखुळू लागला, अंबरनाथच्या कारखान्यांतून कायम नोकऱ्या मिळू लागल्या, तेव्हा आयातीवर निर्बंध येऊन दुकानांत देशी माल मांडला गेला होता. हावड्याहून नागपूर, भुसावळ करीत येणारी मालगाडी कल्याणला पोचल्याखेरीज मुंबईला जात नाही, ही भूगोलाची साक्षही कन्यापूरच्याच बाजूची. विरोधक म्हणतील की जुनी विलायती सायकल मुंबईत वापरून मग येथे स्वस्तात विकली गेली असेल. असेल, पण एकट्यादुकट्या सायकलीच्या प्रवासापेक्षा मी वाघिणीच्या प्रवासावर अधिक विश्वास ठेवतो.

या मताला बळकटी यायची तर याच परिसरात आणखी सव्वीस आट्यांचे सांगाडे सापडायला हवेत, आणि ते फारसे का सापडत नाहीत याचे उत्तर अंबरनाथ पूर्वेच्या एका वयोवृद्ध मिस्त्र्यांनी मला न विचारता देऊन टाकले. त्यांनी बीबीत कप घालून पाहिला, दीड फेऱ्यावर तो अडला, आणि ते म्हणाले, “काका, ही रॅलेची चाल आहे, हिचे कप आता मिळायचे नाहीत. चोवीसचा टॅप फिरवून देतो, कायमची कटकट जाईल. आजवर किती तरी करून दिल्यात.” बदलापूरच्या दुकानांतही हाच उपाय सर्रास चालतो, असे त्यांनी वर सांगितले. म्हणजे या पट्ट्यात जे सांगाडे आज चोवीस दाखवितात त्यांतले काही जन्माने सव्वीसचे आहेत. तसे असल्यास चोवीस आटे आढळले म्हणून सांगाडा रॅलेचा नाही असे म्हणता येत नाही. पुरावा एकाच दिशेने चालतो, आणि अशा बीबीची रुंदी मोजून पाहणे एवढाच मार्ग उरतो, कारण टॅप आटे बदलतो, नळकांड्याची लांबी बदलत नाही. माझ्या सांगाड्याची बीबी ६८ मिलिमीटरहून स्पष्टपणे रुंद आहे. मिस्त्र्यांना मी टॅप फिरवू दिला नाही, तेव्हा सायकल अद्याप चालत नाही.